पाणी फरशीवरून जातंय, गाडी थांबवायची कोणी?

म्हसळा : २०२५ मध्ये पावसाने आगोटीची कामं उरकूच दिली नाहीत. २४ मे रोजी मान्सून केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत हजर. एवढ्या लवकर तो मुंबईत आल्याची आधीची नोंद नाही. आपण दरवर्षी ७ जूनचा हिशेब धरून लाकडं भरतो, गोठा शाकारतो. मोऱ्यांची तोंडं साफ करणारी माणसंही त्याच हिशेबाने निघतात. त्या वर्षी त्यांच्या आधी पाऊस निघाला. माझ्या रोजच्या वाटेवर चार मोऱ्या आहेत. चारही मोऱ्यांनी आदल्या वर्षीचा पालापाचोळा, प्लास्टिक आणि दगडगोटे पोटात ठेवूनच पहिला पाऊस घेतला.

मग १५ जून उजाडला. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जीव गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. तिथे धोक्याचा फलक होता, नवा पूल मंजूरही होता. टीव्हीवर दोन दिवस आरडाओरडा झाला आणि जुन्या पुलांच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे आदेश निघाले. चांगली गोष्ट आहे. पण आपल्या वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या रस्त्यांचा विचार केला तर प्रश्न पडतो, की हे ऑडिट नेमकं कशाचं होणार? आपल्याकडे पावसाळ्यात जिथे जीव टांगणीला लागतो, ते ठिकाण बहुतेक वेळा ‘पूल’ नसतंच. ती असते फरशी.

शहरातून हे वाचणाऱ्या चाकरमान्यांसाठी थोडं सांगतो. साकव म्हणजे ओहळावरचा अरुंद पूल, माणसं आणि फार तर दुचाकी जाईल एवढा. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी टाकलेले सिमेंटचे पाईप किंवा दगडी नाळ. आणि फरशी, म्हणजे अधिकाऱ्यांच्या भाषेत कॉजवे, ही ओहळाच्या पात्रातच घातलेली बसकी काँक्रीट. खाली दोन-चार पाईप, वरून रस्ता. ती बांधतानाच गृहीत धरलेलं असतं की जास्त पाऊस झाला की पाणी वरून जाणार. म्हणजे पाणी वरून गेलं तर फरशी नापास झाली असं नाही. ती तशीच केलेली आहे. स्वस्तात रस्ता पोचावा म्हणून केलेली ही तडजोड आहे आणि ती चुकीची होती असंही मी म्हणणार नाही. फरशी नसती तर कित्येक वाड्यांवर आजही चिखल तुडवतच जावं लागलं असतं.

तडजोडीचा दुसरा भाग मात्र कोणी लिहून ठेवला नाही. वर्षातले काही तास रस्ता बंद राहणार हे ठरलेलंच आहे, तर तो बंद झाला हे सांगणार कोण? गाडी अडवणार कोण? आणि अडलेला माणूस तेवढा वेळ थांबणार कुठे?

ओहळाला आकड्यांत बघू

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हसळा, श्रीवर्धन, तळा हा भाग असा की डोंगर लगेच संपतो आणि खाडी सुरू होते. आपल्या नद्या-ओहळांना लांबी नाही. जानसईचंच बघा, वर डोंगरात पाऊस झाला की पाणी कुठे रेंगाळत नाही.

ढोबळ हिशेब करून बघू. तुमच्या फरशीच्या वरच्या अंगाला एक चौरस किलोमीटर डोंगर आहे असं धरा. त्यावर तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. जुलैत असा पाऊस आपल्याला नवीन नाही. तेवढ्या जागेवर पडलेलं पाणी होतं १० कोटी लिटर. १० हजार लिटरचा टँकर धरला तर १० हजार टँकर. जमीन आधीच भिजून गच्च झालेली असते, तरी तिसरा हिस्सा मुरला असं समजू. उरलेलं पाणी तीन तासांत त्या एका फरशीपाशी येणार. म्हणजे दर सेकंदाला साधारण सहा हजार लिटर.

आता खालचे पाईप बघा. तीन फुटी दोन पाईप असतील आणि तोंडं अगदी साफ असतील, तर त्यातून सेकंदाला अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी जाईल. बाकीचं साडेतीन हजार लिटर वरून. आणि एका पाईपच्या तोंडाशी एखादं झाडाचं खोड आडवं बसलं, त्याला पेंढा आणि गोणपाट अडकलं, तर जवळजवळ सगळंच वरून. ‘मागच्या वर्षी एवढ्याच पावसात पाणी आलं नव्हतं’ असं लोक म्हणतात त्याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. पाऊस तेवढाच असतो, पाईप तुंबलेला असतो.

या हिशेबाची दुसरी बाजू कामाची आहे. पाणी जितकं झपाट्याने चढतं तितकंच झपाट्याने उतरतं. विदर्भात-मराठवाड्यात मोठ्या नदीच्या फुगवट्याने रस्ता दोन-दोन दिवस बंद राहतो. आपल्याकडे डोंगरातल्या ओहळाची फरशी पावसाची सर थांबल्यावर दोन-तीन तासांत पुन्हा दिसायला लागते. खाडीपट्ट्यात, मेंदडी-खरसईच्या अंगाला, थोडं वेगळं. तिथे भरती असेल तर खालचं पाणी वरच्याला वाट देत नाही. पण भरतीही सहा तासांत उलटते. कोळी बांधवांचा जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनव-अवसेला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या अलीकडे-पलीकडे येते आणि उधाणही त्याच दिवसांत असतं. त्याच वेळी डोंगरात पाऊस लागला असेल तर खालच्या अंगाच्या फरशीवर जायचं नाही, हे मोबाईलवर हवामान न बघताही कळतं.

एकूण काय, आपल्याला थांबायचं असतं ते काही तास. दिवस नव्हे. तरी माणसं थांबत नाहीत.

का थांबत नाहीत

याचं सोपं उत्तर सगळ्यांकडे तयार आहे. ‘लोकांना अक्कल नाही.’ ‘पोरांना स्टंट करायचे असतात.’ व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला की खाली याच दोन प्रतिक्रिया असतात. धबधब्यावर आलेल्या पर्यटकांच्या बाबतीत ते काही अंशी खरंही आहे. पण गावातला माणूस, ज्याने ते पाणी लहानपणापासून पाहिलंय, तो का उतरतो?

मी स्वतः उतरलोय, म्हणून सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट, श्रावणातली. तालुक्याचं काम आटपून रात्री नऊच्या सुमारास मोटारसायकलवरून घरी चाललो होतो. ओहळावर आलो तर फरशी दिसत नव्हती, नुसता आवाज. मागे दूधवाला, त्याच्या मागे मिनिडोर, त्यात सात-आठ बाया-माणसं. पलीकडे गाव अर्ध्या किलोमीटरवर, घरचा दिवा दिसतोय. अलीकडे थांबायला झाडाखेरीज काही नाही आणि पाऊस असा की झाडाखाली उभं राहणंही धोक्याचं. मिनिडोरमधली एक मावशी म्हणाली, पोराला ताप आहे, चला हळूहळू. दूधवाला म्हणाला, मी रोजचा आहे, कुठे खड्डा आहे ते मला माहीत आहे. मग कोणी कोणाला विचारलं नाही. सगळे उतरलो, हात धरून गेलो, गाड्या अलीकडेच ठेवल्या. मध्यावर पाणी मांडीला लागलं आणि पायाखालची वाळू सरकायला लागली तेव्हा माझी जी अवस्था झाली ती अजून आठवते. पोचलो सगळे. पण सकाळी पाहिलं तर पलीकडच्या काठाला फरशी आणि रस्ता जोडणारा मातीचा भराव निम्मा गेला होता. आम्ही अंधारात ज्या कडेवरून चढलो ती खालून पोकळ होती.

त्या रात्री आमच्यातल्या कोणालाच धोका कळत नव्हता असं नाही. थांबायचा खर्च दिसत होता. दूधवाल्याचं दूध नासणार, मावशीचं पोर तापाने फणफणणार, मला भिजत तीन तास उभं राहावं लागणार. समोरचं पाणी मात्र ‘बहुतेक’ पार होणार. असा हिशेब रोज कोणी ना कोणी करत असतं. दहावीच्या मुलीची घटक चाचणी असते. कंपनीतल्या पोराची सेकंड शिफ्ट असते, एक खाडा झाला की ठेकेदार दुसरा माणूस बघतो. नऊ महिन्यांची पोटुशी असते. वस्तीच्या एसटीच्या ड्रायव्हरला पलीकडच्या गावात मुक्काम असतो आणि पाठीमागून दहा जण सांगत असतात, ‘मास्तर, काही होत नाही, घाला.’

त्याचा शेवट काय होऊ शकतो ते यवतमाळ जिल्ह्यात दिसलं. २८ सप्टेंबर २०२१ रोजी सकाळी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत होतं. नागपूर-नांदेड मार्गावरची एसटी त्यात घातली गेली आणि प्रवाशांसह वाहून गेली. माणसं दगावली. एसटी म्हणजे काही टिचकीभर गाडी नव्हे. तरी गेली.

इथे परत थोडा हिशेब, कारण ‘गाडी जड आहे, जाणार नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं. साधी छोटी कार वजनाने साडेसातशे किलोच्या आसपास. तिची बूड साधारण पाच चौरस मीटर. बुडाच्या वर फक्त १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही, पाणी चढलं की ते साडेसातशे किलोचा भार उचलतं. बूड मुळात जमिनीपासून १५-१६ सेंटिमीटरवर असतं. म्हणजे फरशीवर एक फूट पाणी झालं की गाडीचं वजन टायरवरून पाण्यावर गेलं. मग स्टिअरिंग आणि ब्रेक नुसते हातापायात. अमेरिकेचं हवामान खातं हेच आकडे लोकांना पाठ करून घेतं : अर्धा फूट वाहतं पाणी माणसाला पाडू शकतं, एक फूट पाणी छोटी गाडी वाहून नेऊ शकतं, दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या गाड्या. तिकडे पुरात बुडून मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक गाडीतच असतात. म्हणजे रस्ते चांगले झाले, गाड्या मोठ्या झाल्या, म्हणून हा प्रश्न सुटतो असं नाही.

इशारा कोणाचा आणि कोणासाठी

पावसाळ्यात रोज सकाळी आपल्या मोबाईलवर जिल्हा प्रशासनाचा तक्ता येतो. सावित्री महाडला इशारा पातळी ६ मीटर, धोका पातळी साडेसहा. आंबा नागोठण्याला इशारा ८, धोका ९. कुंडलिका, पाताळगंगा, उल्हास, गाढी यांचीही पातळी असते. महाड-नागोठण्याच्या लोकांसाठी हा तक्ता म्हणजे जीव आहे. २०२१ च्या जुलैमध्ये महाडने जे भोगलं त्यानंतर तर त्याची किंमत कोणाला सांगायला नको.

पण म्हसळा तालुक्यातल्या माणसाने त्या तक्त्यातून काय घ्यायचं? त्याच्या ओहळाचं नाव त्यात नाही आणि असणारही नाही. जिल्ह्यात पंधरा तालुके, प्रत्येकात ओहळ किती, सगळ्यांवर यंत्र बसवणं शक्य नाही. मग उरतो तो रंगांचा इशारा. रायगडला ऑरेंज, रायगडला रेड. पोलादपूरपासून उरणपर्यंत सगळ्यांना एकच रंग. दिवसभर रेड अलर्ट असतो आणि आपल्याकडे ऊन पडतं, मग पुढच्या वेळी त्या रंगाकडे कोणी बघत नाही. यात हवामान खात्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका फरशीवर आत्ता किती पाणी आहे हे सांगणं हे त्याचं काम नाही.

ते काम एका खांबाचं आहे. फरशीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एक-एक खांब, त्यावर फुटाफुटाच्या खुणा. खालचा अर्धा फूट पांढरा, त्यावर पिवळा, एक फुटापासून लाल. गाडीचा दिवा पडला की कळलं पाहिजे की पाणी कुठवर आहे आणि फरशीची कड कुठे आहे. ही माझी कल्पना नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही देशातल्या रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था, तिने फरश्या आणि बुडीत पुलांसाठी २००८ साली वेगळी मार्गदर्शिकाच काढली आहे आणि कडेचे दर्शक दगड, पाणीपातळीची पट्टी या गोष्टी रस्तेबांधणीत जुन्या आहेत. ऑस्ट्रेलियात आडवळणाच्या रस्त्यांवर अशा फरश्या पुष्कळ, आणि तिकडे पाण्याची खोली दाखवणारे खांब रस्त्याच्या कडेला दिसतात. आपल्याकडे फरशी होते, उद्घाटनाची पाटी होते, खर्चाची पाटी होते. खांबाची पट्टी रंगवायची राहते. कुठे रंगवली असेल तर ती पहिल्या दोन पावसांत उडून जाते आणि परत कोणी ब्रश घेऊन येत नाही.

रस्ता कोणाचा?

आपल्या पत्रकारितेत सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. ग्रामसडक योजनेतून झालेला रस्ता काही वर्षं ठेकेदाराने सांभाळायचा, त्यानंतर परत जिल्हा परिषद. माणगावहून घोणसे घाट उतरून म्हसळ्यात येणारा आणि पुढे दिघीकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग. त्याच्यावर लक्ष असतं, कारण बंदराची अवजड वाहतूक आहे. त्याला फुटून डोंगरात वळलेल्या रस्त्यावर दोन किलोमीटर आत गेलं की मालक बदलतो, आणि आणखी पुढे पायवाटेवरचा साकव कोणत्या यादीत आहे हे शोधायला तीन कार्यालयं फिरावी लागतात.

मोठा पूल बंद पडला की निदान हालचाल होते. सावित्रीवरचा आंबेत-म्हाप्रळ पूल दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा लोकांचे हाल झाले, पण पलीकडे जायला फेरीबोट आली. पर्याय काढावाच लागला, कारण दोन जिल्ह्यांचा रस्ता होता. वाडीची फरशी गेली तर पर्याय म्हणजे शेताच्या बांधावरून जा, नाहीतर डोली करा.

त्यात २०२२ मध्ये जिल्हा परिषदेवर प्रशासक आला. निवडून आलेला सदस्य उरला नाही. सदस्य होते तेव्हा सगळं आलबेल होतं असं कोण म्हणेल? पण पाईप तुंबला तर निदान शिव्या द्यायला एक ओळखीचं दार होतं. प्रशासकाच्या काळात नुसता अर्ज द्यायचा, पोच घ्यायची.

अडवायचा अधिकार

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र आपल्या भागात कोणी विसरणार नाही. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या, एक तवेरा अंधारात खाली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झालेली होती. नंतर १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. मनात आणलं तर काम किती वेगात होतं, याचं उदाहरण म्हणून ते नेहमी दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्रीची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. पूल गेल्याचं कळल्यावर जवळच्या गॅरेजमधल्या माणसाने धावपळ करून बाकीच्यांना सावध केलं. नाहीतर मागून येणाऱ्या आणखी गाड्या गेल्या असत्या. तो कोणी अधिकारी नव्हता. वेळेला तिथे होता आणि त्याने आरडाओरडा केला, एवढंच.

फरशीपाशी नेमका असाच माणूस लागतो. तो गावातच असतो, पण त्याच्या हातात काही नसतं. आपल्या पोलीस पाटलांना विचारा. पाणी असताना एखाद्या चारचाकीला हात केला तर काच खाली करून आतून काय ऐकू येतं ते. ‘तू कोण अडवणारा?’ वास्तविक आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, याच्या कलम ३४ प्रमाणे धोक्याच्या भागात वाहतूक अडवण्याचा किंवा नियंत्रित करण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालच्या यंत्रणेला. आणि पोलीस पाटील हे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेलं पद आहे, हौशी स्वयंसेवक नव्हे. या दोन गोष्टी जोडायच्या तर एक लेखी आदेश पुरतो : अमुक रस्ता, अमुक फरशी, खांबावर पिवळी खूण बुडाली की साखळी लावायची, लावायचा अधिकार पोलीस पाटील आणि त्यांच्या गैरहजेरीत अमुक-अमुक व्यक्तीला. आदेशाची प्रत फरशीजवळ लोखंडी पाटीवर. साखळीला कुलूप, किल्ली दोन्ही काठांवर एक-एक. आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेली पोरं आहेत, त्यांची नावं त्यात घालता येतील.

साखळी लावली की अडलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न राहतोच, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. एसटी थांब्यावर निवारा असतो, कोणाच्या ना कोणाच्या निधीतून आणि कोणाच्या ना कोणाच्या नावाचा. फरशीच्या अलीकडे, जिथे माणूस खरोखर तास-दोन तास अडकतो, तिथे चार पत्रे कोणी टाकत नाही. टाकले, त्यात एक सौरदिवा लावला, बसायला कट्टा केला, तर माझ्या त्या रात्रीच्या मिनिडोरमधली मावशी थांबली असती. मीही थांबलो असतो. जागा उंचावर, ओहळाच्या पात्रापासून आणि दरडीपासून दूर हवी, एवढं मात्र बघावं लागेल.

थांबण्याचा खर्च कमी करायच्या आणखी दोन-तीन गोष्टींना पैसाही लागत नाही. साखळी लागल्याचा फोटो गावच्या ग्रुपवर पडला की शाळेने त्या वाडीच्या मुलांची गैरहजेरी लावायची नाही आणि चाचणी पुन्हा घ्यायची. वस्तीच्या एसटीला अलीकडच्या गावात मुक्काम करायची आगारातून आधीच मोकळीक हवी, म्हणजे ड्रायव्हरला रात्री फोनाफोनी करत बसावं लागणार नाही. आशाताईंकडे गरोदर बायकांच्या तारखा असतातच. ज्यांचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरतात आणि ज्यांच्या घराच्या आणि दवाखान्याच्या मध्ये फरशी आहे, त्यांना आठवडाभर आधी अलीकडे नातेवाइकांकडे आणून ठेवायचं. काही गावांत हे बायका-बायकांनी ठरवून चाललेलंच असतं, त्याला कोणी योजना म्हणत नाही.

मोठा पूल हवाच, पण

हे लिहिल्यावर कोणी म्हणेल, म्हणजे पूल मागूच नका, खांब रंगवून घ्या. तसं नाही. जिथे फरशीच्या पलीकडे शाळा, उपकेंद्र किंवा दोन-तीन वाड्या आहेत तिथे पाईपांच्या जागी चौकोनी मोरी किंवा उंच स्लॅबचा पूलच पाहिजे. पाईप तुंबतो, चौकोनी मोरीतून खोडही निघून जातं. त्याची मागणी जिल्हा वार्षिक योजनेतून, साकव कार्यक्रमातून करत राहिलीच पाहिजे. फक्त मागणी करताना ‘आमच्या गावाला पूल द्या’ एवढं लिहू नका. मागच्या तीन पावसाळ्यांत पाणी किती वेळा वरून गेलं, किती तास, त्या दिवशी कोण अडकलं, हे तारखांसह लिहा. अंगणवाडीताई, शिक्षक, एसटीचे कंडक्टर यांच्याकडे हे असतं. इंजिनिअरला नाही म्हणायला जागा उरत नाही.

आणि भराव बघा. फरशीची काँक्रीट सहसा टिकते, जातो तो दोन्ही काठांचा भराव आणि खालच्या अंगाची तळखडी. पाणी ओसरल्यावर पहिली गाडी घालण्याआधी कोणीतरी काठी घेऊन दोन्ही कडा ठोकून बघितल्या पाहिजेत. पोकळ आवाज आला तर चारचाकी नको.

पुढे गणपती आहेत. त्याच्या आधीचे तीन-चार दिवस मुंबई-पुण्याहून गाड्या रात्री येतात. चालवणारा पोरगा कधीकधी वर्षातून एकदाच गावाला येणारा, मोबाईलचा नकाशा सांगेल तिकडे वळणारा. नकाशाला फरशीवरचं पाणी दिसत नाही. म्हणून खांबांची पट्टी त्याआधी रंगली पाहिजे. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून रंग, साखळी, दोन खांब आणि एक पाटी बसवायची मागणी तिथे मांडता येते आणि ठराव करता येतो. दुर्घटनेत माणूस गेला तर शासन वारसांना चार लाख देतं. इथे खर्च रंगाच्या डब्याचा आणि दोन दिवसांच्या मजुरीचा आहे. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना द्या, साखळीच्या लेखी आदेशासाठी.

म्हसळा, तळा, श्रीवर्धन आणि माणगाव तालुक्यांतल्या वाचकांनी आपल्या रस्त्यावरच्या फरशीचा दिवसाउजेडी काढलेला फोटो आमच्याकडे पाठवावा. सोबत गावाचं नाव, रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा, खाली पाईप किती आणि पट्टी रंगवलेली आहे का, एवढंच लिहावं. पाणी वाहत असताना फोटो काढायला जाऊ नये. आलेली यादी ग्रामसभेच्या आधी इथेच, तालुकावार, छापू.